एक पंखा आणि एक ट्यूब

माझे वडील रावेरच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. गावातली वीज त्यांच्या हातानं जायची आणि त्यांच्याच हातानं यायची. जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन यायचा, की अमुक फीडर बंद करा. फीडर म्हणजे एका भागाकडे जाणारी लाईन. एक गावाचा, एक केळीच्या मळ्यांचा. उन्हाळ्यात दोन्हीला पुरेल एवढी वीज नसायची. गावाला दिली की मळ्यांच्या मोटारी थांबायच्या, मळ्यांना दिली की गाव अंधारात. कोणाला कधी, हे नाना ठरवत नव्हते. त्यांनी फक्त फोन घ्यायचा आणि स्विच ओढायचा. पण हे गावाला कोण समजावणार? आमच्या वर्गातल्या मुली मला लाईट घालवणाऱ्याची पोरगी म्हणायच्या. वीज गेली की आमच्या गल्लीत कोणीतरी हमखास आमच्या दाराकडे बघून म्हणायचं, गेले वाटतं ड्युटीवर.

हे सगळं थट्टेत चालायचं. आम्ही स्वतःही अंधारातच असायचो, म्हणून ती थट्टा बोचत नव्हती. उन्हाळ्यात सगळी गल्ली बाजा टाकून बाहेर झोपायची. आमच्या समोर आबा आणि अक्का राहत. आबांचा गावाबाहेर केळीचा मळा होता. ते नानांपेक्षा वयानं बरेच मोठे, म्हणून नानांना ‘भाऊ’ म्हणत आणि अरे-तुरे करत. त्यांची आणि नानांची बाज शेजारी शेजारी असायची. आबा विचारत, उद्या मळ्याची लाईन किती वाजता सोडणार रे भाऊ, आणि नाना सांगत, मला ठाऊक असतं तर तुमच्याआधी मीच मळा घेतला असता.

मी अकरावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिचं सासर धुळ्याचं. त्यांचं कापडाचं दुकान होतं, मोठं घर होतं, आणि त्या घरात इन्व्हर्टर होता. तोवर आम्ही इन्व्हर्टर हा शब्द फक्त ऐकला होता. ताईला पोहोचवायला तिच्या सासूबाई स्वतः आल्या होत्या. बाई तोंडाच्या गोड होत्या. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, इथं वीज जाते का हो फार? आई म्हणाली, जाते थोडी. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “नाही, यांचं कामच विजेचं, म्हणून विचारलं. बाळाला उकाडा सोसणार नाही. तुमच्याकडे सोय नसेल तर आमच्याकडे करू की बाळंतपण, त्यात काय.”

नाना आतल्या खोलीत सदरा घालत होते. त्यांनी ते ऐकलं. मी दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसला. विजेच्या खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्याच्या विहिणीनं विचारावं, तुमच्याकडे पंख्याची सोय आहे का, आणि तिचं काही चुकलेलंही नसावं. पहिलं बाळंतपण माहेरी नाही झालं तर आईला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नाना बाहेर आले आणि म्हणाले, सोय होईल.

दोन दिवसांनी ते जळगावला निघाले. इन्व्हर्टर आणायचा म्हणून मी हट्टानं बरोबर गेले. बाजारात एका मारवाडी शेठजींचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, नानांची तिथं जुनी ओळख. शेठजींनी आम्हाला बसवलं, उसाचा रस मागवला आणि सरळ विचारलं, काय काय चालवायचं आहे?

नाना म्हणाले, एक पंखा आणि एक ट्यूब.

शेठजी थांबून राहिले, पुढं आणखी काही येईल म्हणून. नानांनी खिशातून पेन काढलं आणि रसाच्या ग्लासाखालच्या कागदावर गणित मांडलं. पंखा पाऊणशे वॅट धरा. ट्यूब चाळीस, पण तिचा चोकही थोडी वीज खातो, म्हणून पंचावन्न. दोन्ही मिळून एकशेतीस. वीज साधारण चार तास जाते. तेवढा वेळ हे दोन्ही चालायला बारा व्होल्टच्या बॅटरीतून इतका करंट लागेल. इन्व्हर्टर स्वतः थोडा खातो. बॅटरी पार तळाला न्यायची नाही, म्हणून थोडी वर धरा. असं करत त्यांनी बॅटरीचा आकडा काढला आणि सगळ्यात लहान इन्व्हर्टरवर बोट ठेवलं.

शेठजींना हिशेब मान्य होता. ते म्हणाले, “गणित बरोबर आहे साहेब. पण घर काही गणितानं चालत नाही. घरात पाहुणे येतात. आज एक पंखा म्हणता, उद्या कोणीतरी स्वयंपाकघरातला दिवा लावणार, कोणी टीव्ही लावणार. एक नंबर मोठा घ्या.”

नाना म्हणाले, बाकी घरात वायर नेणारच नाही, मग कोण लावणार?

परतीच्या एसटीत मी विचारलं, मोठा का नाही घेतला? आपल्याला स्वयंपाकघरात तरी दिवा झाला असता. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी लोकांची वीज घालवतो. माझं घर सगळं उजळलेलं बरं दिसेल का? बाळासाठी एक पंखा, तिला दूध पाजायला एक ट्यूब. त्यावर एक दिवा नको.” तेव्हा मला ते पटलं. आजही त्यात काही चूक वाटत नाही. पण शेठजींचं म्हणणंही खरं होतं, ते पुढं कळलं.

बॅटरी जिन्याखाली, वारा लागेल अशी ठेवली. वायरिंग नानांनी स्वतः केलं. ताईच्या खोलीतला पंखा, ट्यूब, आणि बाळाच्या नाइट लॅम्पसाठी भिंतीवर एक प्लग, एवढंच इन्व्हर्टरवर घेतलं. पहिल्यांदा वीज गेली आणि ट्यूब एकदा फडफडून पुन्हा लागली तेव्हा आई अक्षरशः देवापुढं साखर ठेवायला धावली. पंखा मात्र इन्व्हर्टरवर वेगळाच घुमायचा, भुंगा अडकल्यासारखा. ताई म्हणायची, घुमू दे, फिरतोय ना.

बाळ झालं, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. आणि त्याच आठवड्यात गल्ली गप्प झाली.

ताईच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत होती. सगळं गाव काळोखात आणि ती एक खिडकी दुधासारखी पांढरी. बाहेर बाजांवर पडलेल्या प्रत्येकाला ती दिसायची. इन्व्हर्टर ही वस्तू आमच्या भागात कोणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे लोकांना जे सुचायचं ते सुचलं. लाईटवाल्याच्या घरी वेगळी लाईन टाकली आहे. सबस्टेशनवरून थेट. मी दळण आणायला गेले तेव्हा गिरणीवरच्या बाईनं मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमची लाईन कुठून आणली ग? मी बॅटरीचं सांगू लागले तर ती हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. डोक्यावर पिठाचा डबा घेऊन घरी येताना मला वाटत होतं, सगळ्या ओट्यांवरून माझ्याकडेच बघतायत.

मी घरी येऊन नानांना सगळं सांगितलं. संध्याकाळी ते आबांना हाताला धरून आत घेऊन आले आणि जिन्याखाली बॅटरी दाखवली. आबांनी वाकून बघितलं, बाळाच्या पाळण्यात डोकावले, पंख्याचा घुमणारा आवाज ऐकला आणि बाहेर येऊन गल्लीत सांगितलं, ट्रॅक्टरसारखी बॅटरी हाये, लाइन-बिइन काही नाही. त्यांच्या शब्दाला मान होता. बोलणं थांबलं. तरीही नानांनी आईला सांगून खिडकीला जाड गोधडी लावून घेतली. उजेड बाहेर जायला नको म्हणून वारा आत येईना, आणि ताई त्या बंद खोलीत पंख्याखाली घामानं निथळत पडून राहायची. मला वाटायचं, आपण काही चोरलेलं नाही, मग लपवतोय काय? पण मीही रोज दिवेलागणीला न सांगता उठून गोधडीची टोकं खोचायला लागले होते.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. धुळ्याहून विहीणबाई, जावईबापू, त्यांचे काका, ताईच्या दोन नणंदा असे सगळे दुपारी आले. आईनं सकाळपासून घुगऱ्या शिजवल्या होत्या. नानांनी ड्युटी बदलून घेतली होती. त्यांच्या जागी त्यांचा एक तरुण सहकारी सबस्टेशनवर बसला होता. तो मुलगा नुकताच कायम झाला होता, घरी यायचा, आईच्या हातचं भरीत त्याला फार आवडायचं. पाहुण्यांसाठी नानांनी एक कूलर मागून आणला होता, तो बैठकीत लावला. समोरून अक्का आल्या, गल्लीतल्या इतर बायका आल्या. आबा मात्र मळ्यात होते. त्या दिवशी संध्याकाळी मळ्यांची पाळी होती आणि वैशाखात केळीला एक पाणी चुकलं की घड वाळतो.

पाळणा ताईच्या खोलीत बांधला होता. अंधार पडता पडता बायका जमल्या, आणि नेमकी वीज गेली.

ट्यूब फडफडून पुन्हा लागली. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्या आईला म्हणाल्या, बरं केलंत हं, घेतलात ते. बैठकीतला कूलर बंद पडल्यामुळे पुरुषमंडळीही एकेक करत ताईच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. जावईबापूंचे काका जुन्या वळणाचे, घरात अहिराणीच बोलणारे. ते नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बठ्ठा गाव अंधारमा शे, आनी तुमना घर दिवाळी.” नाना कसंनुसं हसले.

त्या गर्दीत जावईबापूंनी कूलर ढकलत आतल्या खोलीत आणला. त्यांचा हेतू चांगला होता. बायका घामाघूम झाल्या होत्या, बाळ रडत होतं. त्यांच्या धुळ्याच्या घरात इन्व्हर्टरवर सगळंच चालायचं. त्यांनी भिंतीवरच्या त्या प्लगमध्ये कूलरची पिन घातली आणि बटण दाबलं. नाना दारातून ‘थांबा’ म्हणेपर्यंत कूलर एकदा गुरगुरला, जिन्याखालून मोठी शिट्टी वाजली आणि ट्यूब, पंखा, सगळं एकदम गेलं.

शिट्टी वाजतच राहिली. नानांनी धावत जाऊन ती बंद केली आणि इन्व्हर्टर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. आत काहीतरी जळाल्याचा वास येत होता. तो सुरू झाला नाही. खोलीत पंचवीसेक बायका, खिडकीला गोधडी, आणि पाळण्यात तान्हं बाळ. कोणीतरी गोधडी ओढून काढली. आई कंदील शोधत स्वयंपाकघरात फिरत होती आणि तिला तो सापडत नव्हता, कारण इन्व्हर्टर आल्यापासून कंदिलाची काच पुसलेली नव्हती.

जावईबापू ओशाळून बाजूला झाले. त्यांना सावरून घ्यायला म्हणून असेल, विहीणबाई सहज बोलाव्या तशा बोलल्या, “अहो, पण तुमच्याच हातात आहे ना सगळं? एक निरोप पाठवा की. दहा मिनिटांचं तर बारसं.”

गल्लीतल्या बायका ऐकत होत्या. अक्का माझ्या शेजारीच होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. नाना काहीच म्हणाले नाहीत. हो नाही, की नाहीही नाही. त्यांनी ओसरीवरची सायकल काढली आणि निघून गेले.

आम्ही कंदील लावला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आवाज लागत नव्हते, एकीचं वर तर दुसरीचं खाली. तिसरं की चौथं कडवं चालू असताना वीज आली. फक्त आमच्या घरात नाही, सगळ्या गल्लीत, सगळ्या गावात. बैठकीतले पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. काकांनी बाळाच्या कपाळाला हात लावून म्हटलं, नशीबवान पोर आहे. बाळाचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. अक्कांनी ओटीत घुगऱ्या घेतल्या, बाळाच्या हातावर अंगडं ठेवलं आणि चहाला न थांबता गेल्या.

नाना पाहुण्यांची जेवणं चालू झाल्यावर परत आले. हात धुतले आणि वाढायला लागले. विहीणबाईंनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. ते खाली बघून पोळ्या वाढत राहिले.

आबा त्याच सुमारास मळ्यातून आले. मी खरकटं टाकायला बाहेर गेले होते. अक्का ओट्यावर उभ्या राहून त्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. आबांनी आमच्या घराकडे पाहिलं. मला पाहिलं. मग पायातल्या चिखलानं भरलेल्या वहाणा काढून ते आत गेले. गावाची लाईन सुरू करायची म्हणजे मळ्यांची बंद करावी लागते, हे गावातल्या सगळ्यांपेक्षा आबांना चांगलं कळत होतं. त्यांची मोटार अर्ध्या पाण्यात थांबली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो तरुण सहकारी घरी आला. मी स्वयंपाकघरात होते, बोलणं सगळं ऐकू येत होतं. तो रडकुंडीला आला होता. फोन आलेला नसताना त्यानं फीडर बदलला होता आणि जळगावहून त्याबद्दल विचारणा झाली होती. तो नानांना म्हणत होता, तुम्ही काही सांगितलं नव्हतं, मीच केलं, मी तसं सांगून टाकतो. नानांनी त्याला पाणी दिलं आणि बजावलं, की काही सांगायचं नाही. तू नवा आहेस, तुझ्यावर आलं तर नोकरी जाईल. माझ्यावर आलं तर बदली होईल.

तो गेल्यावर मी बाहेर आले. मला फार हलकं वाटत होतं. नानांनी काही केलंच नव्हतं तर. मी म्हणाले, मग हे आबांना सांगू या. तुम्ही त्याला वीज सोडायला सांगितलंच नव्हतं.

नानांनी त्याचा पाण्याचा पेला उचलून ठेवला. मग म्हणाले, “सांगितलं नाही. पण सायकल काढून गेलो तर होतोच ना.”

मी विचारलं, मग गेलात कशाला?

“घरात उभं राहवेना. तिथं जाऊन बसलो. त्यानं विचारलं, नाना, बारसं झालं का? मी म्हटलं, अंधार आहे. एवढंच म्हटलं. अंधार आहे. मग तो उठला. तो कशाला उठतोय ते मला कळत होतं. मी पाणी पीत बसलो.”

त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं, आणि मला वाटलं की हे मी ऐकायला नको होतं. बापाला एवढं उघडं बघायची सवय नसते. मी आत जाऊन उगीचच भांडी पुन्हा घासायला काढली. आबांना सांगायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. कारण आता सांगणार काय?

गल्लीत कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. लोक आदरानं वागायला लागले. ज्यांनी कधी आमच्या ओट्याला पाय लावला नव्हता असे लोक येऊन खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि विचारायचे, येत्या गुरुवारी आमच्याकडे साखरपुडा आहे, संध्याकाळी तेवढं बघता येईल का? नाना सांगायचे, माझ्या हातात काही नसतं. ते समजल्यासारखी मान हलवायचे आणि जाताना उंबऱ्याशी पपई, केळ्याची फणी असं काहीतरी ठेवून जायचे. मग ते परत करायला मला पाठवलं जायचं. परत केलं की त्यांना वाटायचं, कमी पडलं.

आणि एके दिवशी आबा आले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ज्येष्ठात होतं. त्यांनी पत्रिका दिली, अक्षता दिल्या. आईनं चहा ठेवला. आबा उभेच होते. ते म्हणाले, “साहेब, हळदीच्या दिवशी तेवढी लाइन राहू द्या.”

आयुष्यभर ज्याला भाऊ म्हटलं त्याला साहेब. नानांनी हातातली पत्रिका खाली ठेवली. मग ते म्हणाले, आबा, मला ते करता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

आबांनी शांतपणे विचारलं, “एकदा झालं, ते पुन्हा होत नाही का?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते हवं होतं. मुलीच्या बापानं मागावं तसं ते मागत होते, आणि नाना ते देऊ शकत नव्हते. आबा चहा न घेता गेले.

नानांनी जळगावहून इन्व्हर्टर दुरुस्त करून आणला होता. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी आणि मी तो आणि बॅटरी हातगाडीवर ठेवून समोर नेली. ताई बाळाला घेऊन धुळ्याला गेली होती, आम्हाला आता त्याची गरज नव्हती. नाना आबांच्या ओसरीवर बसून समजावत होते, की यावर पंखा लावू नका, मांडवातल्या दोन ट्यूब आणि स्वयंपाकाकडे एक बल्ब, एवढं निभेल, जास्त लावलं तर बंद पडेल. आबांनी ऐकून घेतलं. “ठेवा,” म्हणाले.

हळदीच्या संध्याकाळी वीज गेली. त्या दिवशी ड्युटीवर नानाच होते. फोन आल्यावर त्यांनीच ती घालवली असणार. आई आणि मी हळदीला गेलो होतो. अंधार झाला तशी मी जिथं इन्व्हर्टर ठेवला होता तिकडे बघत राहिले. आता ट्यूब लागेल. पण आबांनी आधीच भाड्यानं गॅसबत्त्या सांगून ठेवल्या होत्या. माणसं त्या पेटवून मांडवात टांगत होती. इन्व्हर्टर ओसरीच्या कोपऱ्यात होता आणि त्यावर पत्रावळ्यांचे गठ्ठे रचून ठेवले होते. कोणी त्याला हात लावला नाही. अक्कांनी आम्हाला अगत्यानं जेवायला बसवलं, स्वतः आग्रह करून वाढलं. रीतीत कुठं काही कमी नव्हतं. आईनं मान वर न करता जेवण संपवलं. मीही पान पूर्ण केलं, कारण पानात टाकलं असतं तर तेही दिसलं असतं.

लग्न झाल्यावर आबांच्या गड्यानं इन्व्हर्टर परत आणून दिला. सोबत बुंदीच्या लाडवांचा डबा होता.

नानांची बदली पावसाळ्यात झाली, धुळ्याकडच्या एका सबस्टेशनवर. विचारणेत त्यांनी सगळं आपल्यावर घेतलं होतं. गावात कळलंच, की बारशाच्या प्रकरणावरून साहेबांना हलवलं. म्हणजे लोकांच्या मनात जी थोडी शंका होती तीही गेली. तो सहकारी निरोपाला येऊन नानांच्या पाया पडला, तेव्हा बघणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटलं.

सामान हलवायच्या दिवशी आबा आपणहून आले. धुळ्याकडे रिकामा जाणारा केळीचा एक ट्रक त्यांनीच बघून दिला होता. दोर बांधायला ते स्वतः ट्रकवर चढले. कपाट, बाजा, पिंप, सगळं त्यांनी आणि नानांनी मिळून चढवलं, फारसं न बोलता. शेवटची गाठ मारून आबा खाली उतरले, धोतराला हात पुसले आणि नानांच्या जवळ आले. मी पलीकडे पाण्याची कळशी घेऊन उभी होते.

“त्या दिवशी अर्धा मळा भिजला व्हता,” आबा म्हणाले. “राहिलेला दुसऱ्या दिवशी भिजला. केळीचं काही गेलं नाही. पन भाऊ, तू मले नुसतं सांगतलं असतं, का पोरीच्या सासरचे आलेत अन् अंधार हाये, तं मीच मोटर बंद करून तुह्या घरी आलो असतो.”

नानांनी मान हलवली. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि ते केबिनमध्ये चढले. आई आणि मी एसटीनं मागून गेलो.

धुळ्यात ताईचं घर जवळ होतं, येणं-जाणं वाढलं. विहीणबाई मनानं चांगल्या होत्या. त्यांना नानांचा अभिमान होता, आणि तो अभिमान त्या एकाच गोष्टीवर उभा होता. घरी कोणी पाहुणा आला आणि नाना तिथं असले की त्या हमखास सांगायच्या, आमच्या नातीच्या बारशाला अंधार झाला तर या व्याह्यांनी काय केलं ठाऊक आहे? एका सायकलच्या फेरीत सगळ्या गावाची वीज आणली. पाहुणा वा म्हणायचा. नाना भिंतीकडे बघायचे. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. पुढं पुढं त्यात नानांनी वरच्या साहेबांना फोनवरून दटावलेलंही आलं.

भाची चारेक वर्षांची झाली तेव्हा तिला ती पाठ झाली होती. एकदा तिनं नानांच्या मांडीवर बसून विचारलं, माझ्यासाठी तुम्ही गावात लाईट लावली होती ना?

नाना म्हणाले, “मी नाही लावली. दुसऱ्यांची घालवली.”

विहीणबाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, बघा, किती साधा माणूस आहे, स्वतःचं कौतुक ऐकवत नाही. ताई हसली, जावईबापू हसले. मीही तिथं होते. मला काय झालं होतं ते ठाऊक होतं, आणि सांगावं असं फार वाटलं. पण सांगायचं म्हणजे कूलरपासून सुरू करावं लागलं असतं, विहीणबाईंच्या त्या एका वाक्यावरून जावं लागलं असतं, आणि ताईला त्याच घरात राहायचं होतं. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी भाचीला मांडीवरून उतरवलं आणि चपला घालून अंगणात गेले.